दिवाळीच्या किल्ल्याशेजारी एक अमेरिकेतला किल्ला पण कसा करायचा

गेल्या दिवाळीला आमच्या पोरानं जाहीर करून टाकलं की यंदा अजिंक्यतारा नको, प्रतापगड पण नको, टोकदार लाकडांच्या कुंपणाचा अमेरिकेतला किल्ला करायचा, कुठल्यातरी गेममध्ये बघितला होता त्यानं. आई तुळशीपाशी दिवा लावत होती, तिनं मागं न वळताच विचारलं, मग महाराज कुठं बसवायचे? प्रश्न अगदी रास्त होता. म्हणून घरात असं ठरलं की डोंगराचा किल्ला नेहमीसारखा होणारच, महाराज, मावळे, तोफा सगळं तिथंच, आणि अंगणात जागा उरली तर खाली पायथ्याला तो अमेरिकेतला. जागा उरली. तीन संध्याकाळी त्यात गेल्या, दोनदा पाडून परत केला, शेजारच्या काकांनी येऊन हा काय गुरांचा वाडगा बांधलाय का म्हणून विचारलं, आणि ह्या सगळ्यात जे कळलं ते लिहून ठेवतोय म्हणजे तुमचा तरी एका फटक्यात होईल.

सुरुवात करायच्या आधी डोक्यातून आपला गड काढा, आम्ही पहिल्यांदा पाडला तो ह्याच्याचमुळं. आपण सातारकर लहानपणापासून किल्ला म्हणजे डोंगर असं धरून चालतो. उंच कडा, वर जायला एकच वाट, तटबंदी नंतरची, डोंगर हीच खरी भिंत. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाची फौज अजिंक्यताऱ्याखाली येऊन बसली ती १७०० च्या एप्रिलपर्यंत बसूनच होती, आणि सुरुंग उडवला तर त्यातला एक त्यांच्याच माणसांवर उलटला, एवढी ताकद त्या डोंगराची. अमेरिकेतले सरहद्दीवरचे फोर्ट तसे नव्हतेच. बहुतेक नदीच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला, सपाटीवर, जवळच्या जंगलातलं लाकूड तोडून दोन-तीन महिन्यांत उभे केलेले आणि चार-पाच वर्षांत निम्मे कुजलेले. आपल्याकडं त्याला गड म्हणलं नसतं, ठाणं म्हणलं असतं. शे-दोनशे माणसं राहायची, दाणागोटा साठवायचा, रस्त्यावर नजर ठेवायची, करार-बोलणी करायची, एवढं त्याचं काम. हा ठाणं शब्द डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं जातंय, कारण मग तुम्ही आधी भिंत करत नाही, आधी नदी, रस्ता आणि झाडं करता.

आता कुठला करायचा ते ठरवा, नुसता अमेरिकन किल्ला असं काही नसतं, १७५० पासून १८९० पर्यंत शेकड्यांनी फोर्ट झाले आणि प्रत्येकाचा अवतार वेगळा. पहिल्यांदा करत असाल तर माझं मत फोर्ट नेसेसिटी. नेसेसिटी म्हणजे गरज, आमच्या पुतणीनं लगेच त्याचं नाव गरजगड ठेवलं आणि तेच पडलं. हा पेनसिल्व्हेनियात १७५४ साली बांधला जॉर्ज वॉशिंग्टननं, तेव्हा तो काही राष्ट्राध्यक्ष वगैरे नव्हता, बावीस वर्षांचा पोरगा होता, इंग्रजांच्या बाजूनं फ्रेंचांशी लढत होता. गोल कुंपण, मध्ये एक खोपटं, बास. पुढं दोनशे वर्षांनी उत्खनन झालं तेव्हा कळलं की तो गोल होता, व्यास ५३ फूट. आणि इथंच आपलं नशीब बघा, एका फुटाला एक सेंटीमीटर असं माप धरलं की ५३ सेंटीमीटरचा गोल होतो, म्हणजे मोठ्या परातीएवढा, कुठल्याही अंगणात बसतो, फ्लॅटच्या गॅलरीत पण बसेल.

उलट पोराला हवा होता तसला मोठा चौकोनी, तो म्हणजे वायोमिंगमधला फोर्ट फिल कार्नी, त्याचं आवार १७ एकर. त्याच मापानं चौरस धरून हिशोब केला तर एक बाजू साडेआठ मीटर येते, म्हणजे गल्ली बंद करून परवानगी काढावी लागेल. त्याचा एक कोपरा करता येतो, त्यावर पुढं येतोच.

सामान काय लागतं तर लाल माती, ती पण मुरमाड असली तर उत्तम. शेतातली काळी आणू नका, वाळली की भेगा पडतात आणि काड्या सैल होतात. मग एक जुनं प्लायवूड किंवा दाराची फळी, गोणपाट, सुतळी, पुठ्ठ्याचे खोके, फेव्हिकॉल, हळीव, थोडी मोहरी. लाकडांसाठी आम्ही आधी आइसक्रीमच्या काड्या आणल्या, त्या चपट्या असल्यानं अजिबात लाकडासारखं वाटेना, मग आत्याच्या शेतावरून तुरीच्या वाळलेल्या काड्या आणल्या आणि काम झालं. साल तशीच ठेवायची, रंग द्यायचा नाही. गोलाचा परीघ १६६ सेंटीमीटर येतो, काडी पाऊण सेंटीमीटर जाडीची धरली तर २२० च्या आसपास काड्या लागतात, तुम्ही २५० कापून ठेवा, मोडतात.

फळीवर गोणपाट टाकून त्यावर किमान पाच सेंटीमीटर मातीचा थर द्या, चांगला तुडवा. मग बोटानं नदी काढा. गरजगडाच्या बाजूनं छोटे ओढे होते आणि जमीन दलदलीची होती, त्यामुळं एका बाजूला माती ओलीच ठेवली तरी चालतंय, उलट तेच खरं. आता झाडं. आपण किल्ल्यावर झाडं शोभेसाठी लावतो, इथं झाड म्हणजे इतिहास आहे. वॉशिंग्टननं कुरण निवडलं पण सभोवतालचं जंगल बंदुकीच्या टप्प्यात राहिलं, आणि कुरण सखल, आजूबाजूची जमीन चढाची. ३ जुलै १७५४ ला फ्रेंच आणि त्यांच्या बाजूचे इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळच्या जमातींचे लोक आले, झाडांच्या आडोशाला राहिले आणि दिवसभर तिथनं गोळ्या घातल्या. कुंपणात सगळी माणसं मावत नव्हतीच, बाकीची बाहेर चर खणून बसलेली, त्यात धो धो पाऊस, चर पाण्यानं भरले, बंदुकीची दारू भिजली. रात्री शरणागतीवर सही करावी लागली आणि सकाळी, तारीख ४ जुलै, वॉशिंग्टन माणसं घेऊन निघून गेला. त्यानंतर बरोबर बावीस वर्षांनी त्याच तारखेला अमेरिकेचं स्वातंत्र्य जाहीर झालं. फ्रेंचांनी मागं कुंपण जाळून टाकलं. तर तुमच्या मॉडेलमध्ये झाडं मुद्दाम जवळ लावा, एका बाजूनं तर अगदी अंगावर येतील अशी, आणि कोणी बघायला आलं की पोरांना विचारायला सांगा की ह्यात चूक काय आहे. आमच्याकडं आलेल्यातल्या एका आजोबांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं, अरे रान साफ केलं नाही. शेतकरी माणूस.

भिंतीचं काम सगळ्यात मजेचं आणि सगळ्यात किचकट. खरी पद्धत अशी होती की आधी चर खणायचा, त्यात ओंडके उभे रोवायचे, खाली दोन-तीन फूट जमिनीत, वर सात-आठ फूट, वरचं टोक तासलेलं, मग माती भरून धुमसायची. पण म्हणून काड्या एकेक करून मातीत खुपसत बसू नका, आम्ही तेच केलं आणि दुसऱ्यांदा पाडावा लागला तो ह्यामुळं, एक काडी खुपसली की शेजारची वर यायची. सुरीनं गोल चर काढा तीन सेंटीमीटर खोल, काड्या अकरा सेंटीमीटरच्या कापा, दहा-दहा काड्या सुतळीनं आतल्या बाजूनं विणून घ्या, खाटेची दोरी घालतो तसं, मग ती पट्टी उभी चरात ठेवून दोन्हीकडनं माती दाबा. गरजगडाचे ओक उभे चिरून लावले होते, सपाट बाजू बाहेर, तुम्हाला काड्या चिरायचा उत्साह असेल तर चिरा, मी नाही चिरल्या. टोकं मात्र सगळी तासा, नुसती कापून ठेवली तर वाडग्याचं कुंपण दिसतं. एका बाजूला छोटं दार, मधोमध एकच खोपटं, त्यात दाणागोटा आणि दारूगोळा, आणि बाहेर चर. चरात चमचाभर पाणी घालून ठेवा.

झेंड्याबद्दल सांगायचं राहिलं. इथं सगळे चुकतात, तारे-पट्ट्यांचा झेंडा लावून मोकळे होतात. १७५४ साली अमेरिका हा देशच नव्हता, त्यामुळं गरजगडावर तारे नकोत. १७९३ चा फोर्ट करत असाल तर तारे १३, कारण १५ ताऱ्यांचा झेंडा १७९५ ला आला. १८६६ चा फिल कार्नी असेल तर ३६. पन्नास तारे कुठल्याच जुन्या फोर्टवर नव्हते, ते १९६० पासूनचे. आता सेंटीमीटरभराच्या झेंड्यावर ३६ तारे कोण मोजणार असं म्हणाल, पण आमच्या शेजारच्या ताईंनी मोजले, ३४ निघाले.

गरजगड एका संध्याकाळी होतो. पुढच्या पायरीला ब्लॉकहाउसवाला करा, म्हणजे दुमजली लाकडी बुरूज. आपला बुरूज गोल आणि दगडी, त्यात जंग्या, म्हणजे गोळ्या झाडायची भोकं. त्यांचा चौकोनी, ओंडक्यांचा, आणि वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा बाहेर आलेला. तो शोभेला नाही, बाहेर आलेल्या भागाच्या तळाला भोकं असायची, भिंतीला चिकटून कोणी आला तर सरळ डोक्यावर नेम धरता यायचा. खालचा खोका १५ सेंटीमीटरचा घेतला तर वरचा १८ चा घ्या, चारी बाजूंनी दीड-दीड सेंटीमीटर बाहेर येऊ दे, पुठ्ठ्यावर काड्या आडव्या चिकटवा, उभ्या नाही, आणि उतरतं छप्पर. दोनच बुरूज करायचे असतील तर समोरासमोरच्या कोपऱ्यात तिरके करा, एकाच बाजूला दोन नको. तिरके असले की प्रत्येक बुरुजातनं दोन-दोन भिंती दिसतात आणि चारीच्या चारी भिंती दोन बुरुजात होतात, पोरांना टॉर्च लावून दाखवा, लगेच कळतं.

चार बुरुजांचा करायचा तर ओहायोतला फोर्ट रिकव्हरी घ्या. त्याची गोष्ट अशी की १७९१ च्या ४ नोव्हेंबरला तिथं सेंट क्लेअर नावाच्या सेनापतीची फौज मायामी, शॉनी वगैरे जमातींनी पार धुतली, लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट हे त्यांचे पुढारी, सहाशेच्या वर सैनिक मेले. दोन वर्षांनी अँथनी वेन हा दुसरा सेनापती आला आणि त्यानं त्याच रणभूमीवर मुद्दाम फोर्ट बांधला आणि नाव ठेवलं रिकव्हरी, म्हणजे परत मिळवलं. १७९४ च्या जूनअखेरीला त्याच्यावर मोठा हल्ला झाला, फोर्ट टिकला. पण नुकसान कुणाचं झालं बघा, रसद पोचवून परत निघालेल्या घोड्यांच्या तांड्याचं आणि त्याच्या पहाऱ्याच्या शिपायांचं, म्हणजे जे भिंतीच्या बाहेर होते त्यांचं. म्हणून मॉडेलमध्ये तो तांडा पाहिजेच, पाच-सहा घोडे दाराबाहेर रस्त्यावर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फॉलन टिंबर्सची लढाई वेननं जिंकली आणि १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहात आजच्या ओहायोचा मोठा तुकडा जमातींना सोडावा लागला.

बाहेरचं महत्त्व कळायला फिल कार्नी सगळ्यात भारी, म्हणून त्याचा एक कोपरा करा असं मी म्हणलं. १८६६ साली सोन्याच्या खाणींकडं जाणाऱ्या बोझमन रस्त्यावर तो बांधला. जमीन लकोटा जमातीच्या शिकारीची, त्यांचा पुढारी रेड क्लाउड, त्यानं स्पष्ट विरोध केलेला. आठ फुटी पाइनच्या ओंडक्यांची भिंत, आत बराकी, दवाखाना, बेकरी, सटलर म्हणजे शिपायांना उधारीवर तंबाखू-साबण विकणारा दुकानदार, सगळं गावच. पण सरपण आणि इमारतीचं लाकूड काही मैलांवर, गवत बाहेर. वायोमिंगचा हिवाळा म्हणजे लाकडाशिवाय एक दिवस निघत नाही. रोज लाकूडतोड्यांच्या गाड्या बाहेर पडायच्या आणि रोज त्यांच्यावर छापे पडायचे. २१ डिसेंबर १८६६ ला असाच लाकडाच्या गाड्यांवर हल्ला झाला, त्यांना सोडवायला कॅप्टन फेटरमन माणसं घेऊन बाहेर पडला. थोडे स्वार समोर दिसले, पळायला लागले, हा मागं लागला, टेकाड ओलांडून पलीकडं उतरला आणि तिथं लकोटा, शायेन, अरापाहो दबा धरून बसलेले. ८१ च्या ८१ माणसं मेली. आपल्याला हे सांगायला नको, थोडे स्वार दाखवायचे, पळायचं, अडचणीच्या जागी आणायचं, सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही पोराला गनिमी कावा म्हणून कळेल. भिंत चढून तो फोर्ट कोणी घेतला नाही, घ्यायची गरजच पडली नाही. १८६८ च्या तहात सरकारनं तो रस्ता आणि त्यावरचे फोर्ट सोडले, सैन्य बाहेर पडलं आणि शायेन लोकांनी तो जाळून टाकला.

तर ह्याचं मॉडेल करताना भिंतीचा एकच कोपरा, तीसेक सेंटीमीटर, आणि उरलेल्या फळीभर बाहेरचं जग. लांब कोपऱ्यात पाइनचं रान, त्यासाठी निरगुडीच्या किंवा मेंदीच्या काटक्या चालतील, तिथनं भिंतीपर्यंत चाकोरी, त्यावर दोन-तीन लाकडाच्या गाड्या, मध्ये टेकाड. टेकाड पाहिजेच, त्याच्यापलीकडचं भिंतीवरनं दिसता कामा नये. दोरी धरून बघा दिसतंय का.

माणसांचं सांगतो. बाजारात प्लास्टिकचे पिसं लावलेले इंडियन मिळतात, कुऱ्हाड उगारलेले, ते घेऊ नका. ते सगळे एकसारखे आणि कुठल्याच जमातीचे नाहीत. आम्ही मातीच्या नेहमीच्या घोडेस्वारांनाच रंग दिला आणि पाटीवर जमातीचं नाव लिहिलं. पाटी लिहाच, नाहीतर बघणाऱ्याला वाटतं की फोर्टच्या आतले ते घरचे आणि बाहेरचे ते चोर, आणि जमीन तर बाहेरच्यांचीच होती. मिनेसोटातला फोर्ट स्नेलिंग करायचा असेल तर ही पाटी आणखी जपून लिहा. तो दगडी आहे, १८२० च्या दशकात मिसिसिपी आणि मिनेसोटा नद्यांच्या संगमावर उंच कड्यावर बांधलेला, दिसायला आपल्या किल्ल्याच्या सगळ्यात जवळचा, त्यामुळं आपली पोरं तो पटकन करतील. पण तो संगम डकोटा लोकांची पवित्र जागा आहे, ब्डोटे म्हणतात, आपल्याला संगम माहुली जशी. आणि १८६२-६३ च्या थंडीत त्याच कड्याखाली सोळाशेच्या आसपास डकोटा लोकांना, जास्त करून बायका, पोरं, म्हातारी माणसं, कोंडवाड्यासारख्या छावणीत ठेवलं, त्यातले कितीतरी तिथंच मेले. वर नुसता छान बुरूज करून खालचा उतार मोकळा ठेवला तर अर्धीच गोष्ट झाली.

आळशी लोकांसाठी पण एक फोर्ट आहे, लॅरामी. १८३४ ला कातड्याच्या व्यापाऱ्यांनी लाकडाचा बांधला, मग मातीचा झाला, १८४९ ला सैन्यानं चार हजार डॉलरला विकत घेतला आणि पुढं १८९० पर्यंत चालवला, सगळ्यात नामांकित फोर्टपैकी एक, १८५१ आणि १८६८ चे मोठे तह त्याच्याच नावाचे, आणि सैन्याच्या काळात त्याला भोवती भिंतच नव्हती. मधी कवायतीचं मैदान, कडेनं घरं, झेंड्याचा खांब, संपलं. फिल कार्नीचा तह पण बिनभिंतीच्या फोर्टात झाला हे मला फार आवडतं. काडेपेट्यांची दहा-बारा घरं मांडा, अर्ध्या तासात किल्ला तयार. फक्त बघायला येणारा प्रत्येकजण विचारणार की किल्ला कुठाय, तेवढी तयारी ठेवा.

ज्यांच्याकडं काड्या नाहीत, माती भरपूर आहे, त्यांनी कोलोरॅडोतला बेंट्स फोर्ट करावा, १८३३ चा, कच्च्या विटांचा, व्यापाऱ्यांचा. गवत घालून मळलेल्या मातीच्या उन्हात वाळवलेल्या विटा, म्हणजे आपल्या जुन्या घरांच्या भिंतीच की. काडेपेटीचा आतला कप्पा साचा म्हणून वापरा, गव्हाचा भुसा घाला, दोन दिवस ऊन द्या. अवकाळी आला तर प्लास्टिक टाका, खऱ्याची पण पावसात सारखी डागडुजी लागायचीच.

हळीव चार-पाच दिवस आधी पेरा, पण फोर्टच्या आत नको, कवायतीच्या मैदानावर गवत उगवलं तर सुभेदार ओरडेल. बाहेरच्या माळावर भरपूर पेरा, तीच प्रेअरी. बायसन मिळत नाहीत, जत्रेतल्या प्लास्टिकच्या म्हशींना खांद्यावर कणकेचा उंचवटा लावून तपकिरी रंग दिला, लांबून चालून गेलं. पणती मात्र लाकडी भिंतीपासून वीतभर लांब, आमच्या एका बुरुजाचं छप्पर नरकचतुर्दशीलाच गेलं.

सण झाला की काड्या फेकू नका. आम्ही तुळशीचं लग्न होईस्तोवर किल्ला ठेवला आणि मग उपसला तर मातीतला तीन सेंटीमीटर भाग काळा पडून मऊ झालेला, बोटानं तुटत होता, वरचा भाग ठणठणीत. खऱ्या फोर्टचे ओंडके पण असेच जमिनीलगत आधी जायचे. कुजलेलं कापून टाकलं, बाकीच्या धुवून माळ्यावर ठेवल्यात. आता आठ सेंटीमीटर उरल्यात, त्यातल्या तीन परत रोवायला लागणार, म्हणजे यंदा भिंत पाचच फुटी. पोरगं म्हणतंय, बाबा, ह्याच्यावरनं तर आजी पण उडी मारेल.